निबंध वाचला आणि शाळा उघडली : १८४८ ची विद्यार्थी सभा आणि आपली बारावीची मुलं

(मंडळाच्या बैठकीत वाचलेला निबंध, थोडी भर घालून)

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी बुऱ्हाणपूरची सात मुलं निंबोल्याला माझ्या घरी आली. सगळी बारावीतली, दोघींचं अकरावी नुकतंच संपलेलं. पुढच्या वर्षी कॉलेज. कुणाला इंदूर, कुणाला जळगाव, एकाला थेट पुणं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की काकांना इतिहासाचं वेड आहे, ते असीरगडावर प्रोजेक्ट करून देतील. ‘करून देतील’ हा शब्द मुलांचाच.

सातांपैकी चौघांनी मजकूर आधीच आणला होता. छापलेला, फाइलमध्ये घातलेला. चारही मजकुरांचा पहिला परिच्छेद शब्दशः एकच. मी फाइली बाजूला ठेवल्या, प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि म्हटलं, बुऱ्हाणपूरहून इथपर्यंत येताना रस्त्यात काय दिसलं ते अर्धं पान लिहा. मोबाइल खिशात ठेवा. वीस मिनिटं.

एक मुलगी पेन उघडून बराच वेळ बसली आणि शेवटी विचारलं, “काका, हे किती मार्कांचं?”

मला हसू आलं नाही, कारण हाच प्रश्न मीही कधीकाळी विचारला होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रयोगवहीचं पहिलं पान मी सीनिअरच्या वहीतून उतरवलं होतं, त्याच्या चुकलेल्या आकड्यासकट. पुढची तीस वर्षं कागदाच्या धंद्यात काढली. आयुष्यभर कागद बनवला, पण त्यावर स्वतःचं चार ओळींचं काही लिहायला पन्नाशी उजाडली.

आणखी एक कारण आहे. आमच्या ओळखीतला एक मुलगा बारावीला भरपूर टक्के मिळवून मोठ्या शहरातल्या कॉलेजात गेला आणि पहिलं सत्र संपायच्या आत परत आला. गणित त्याला येत होतं. पण आठवड्याला एक अहवाल लिहायचा, चार अनोळखी मुलांच्या गटात काम वाटून घ्यायचं, मग सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो आता वडिलांच्या दुकानात बसतो. दुकानात बसणं वाईट नाही, पण तो ज्या कारणानं बसला ते वाईट.

कॉलेजची तयारी म्हणजे काय, हा प्रश्न नवा वाटतो, पण तो आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी पडला होता आणि त्याचं उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधलं होतं. आजचा निबंध त्यावर आहे. आपलं मंडळ सहसा तापीकाठ सोडून जात नाही, पण आज जरा मुंबईला जाऊन परत येऊ.

१८४८ : एल्फिन्स्टनची मुलं

१८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई सोडून गेले तेव्हा त्यांच्या नावानं लोकांनी वर्गणी गोळा केली. त्यातून उच्च शिक्षणाची सोय उभी राहिली आणि पुढे तिला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन हे रूप आलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर इथेच शिकवत. १८४६ मध्ये ते गेले, पण त्यांच्या हाताखालून गेलेली पिढी तोवर तयार झाली होती. दादाभाई नौरोजी त्यांतले, भाऊ दाजी लाड त्यांतले.

विद्यापीठ अजून नव्हतं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते १८५७ मध्ये. म्हणजे आज आपण ज्याला पदवी म्हणतो ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी जून १८४८ मध्ये या संस्थेतल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी एक सभा काढली : स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. प्रोफेसर पॅटन यांचा त्यांना आधार होता. दादाभाई तेव्हा बावीस वर्षांचे होते. बाकीचे बहुतेक त्याच वयाचे किंवा लहान.

सभेचं काम अगदी साधं. एकानं विषय घ्यायचा, अभ्यास करायचा, निबंध लिहायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा. मग त्यावर चर्चा. बस. यात मार्क नाहीत, पदवी नाही.

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे हे वाचल्यावर पहिला प्रश्न पडला तो यंत्र कसं चालत होतं हा. वर्गातल्या निबंधाचा वाचक एकच असतो, मास्तर, आणि त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. सभेतल्या निबंधाला वीस-पंचवीस वाचक, आणि त्यांना उत्तर ठाऊक नसतं. मास्तरला फसवता येतं, सोबत्यांना फसवणं कठीण. पोकळ वाक्य वाचलं की समोरून हात वर होतो : हे कशावरून? एकदा असा हात वर झाला की पुढच्या वेळी लिहिणारा घरीच स्वतःला तो प्रश्न विचारतो. लिहिणं सुधारतं ते इथे.

मराठी शाखा आणि दादोबा

सभेचं काम इंग्रजीत चाले. पण दोन-तीन महिन्यांतच, सप्टेंबर १८४८ मध्ये, तिची मराठी शाखा निघाली : उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. गुजराती शाखाही निघाली. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध करणारे तेच हे दादोबा, वय तेव्हा चौतीस.

एप्रिल १८५० पासून या सभेनं ‘मराठी ज्ञानप्रसारक’ नावाचं मासिक चालवलं. ते १८६७ पर्यंत निघत राहिलं. सतरा वर्षं! ज्यांनी कधी शाळेचं वार्षिक अंक काढलाय त्यांना विचारा, सतरा वर्षं म्हणजे काय. शास्त्र, इतिहास, भूगोल, आरोग्य, व्यापार असे सगळे विषय त्यात येत. सभेपुढे वाचलेले निबंधही छापले जात.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती भाषेची. ही मुलं इंग्रजीत शिकत होती. शिकलेलं मराठीत सांगायचं म्हटल्यावर पाठांतर उपयोगाचं नव्हतं. ‘ग्रॅव्हिटी’ हा शब्द पाठ करता येतो, पण शेजारच्या काकूंना तो समजावायचा तर आधी आपल्याला समजावा लागतो. म्हणजे मराठी शाखा ही केवळ भाषाप्रेमाची गोष्ट नव्हती, ती समज तपासण्याची कसोटी होती.

हे आपल्या बुऱ्हाणपूरच्या मुलांना जास्त लागू आहे. माझ्या अंगणात त्या दिवशी बसलेल्या सातांच्या घरच्या भाषा मोजल्या तर मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार निघाल्या. शाळा हिंदीतली, कोचिंगची वही अर्धी इंग्रजी, आजीशी बोलणं मराठीत. या मुलांना आपण सतत सांगतो की तुमची भाषा कच्ची आहे. उलट सांगायला हवं : तुमच्याकडे एल्फिन्स्टनच्या मुलांकडे होतं तेच भांडवल आहे, एका भाषेत शिकलेलं दुसरीत सांगून बघण्याचं.

निबंध वाचला, पुढे काय?

आता मुख्य प्रसंग. सभेत बेहरामजी खरशेटजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा रंगली. सगळ्यांचं एकमत झालं की मुलींना शिकवलं पाहिजे. असं एकमत आपल्याही बैठकांत होतं, मग चहा होतो आणि आपण घरी जातो. इथे तसं झालं नाही. पॅटन साहेबांनी मुलांना कृतीकडे ढकललं : पटलं ना, मग करा.

आणि मुलांनी केलं. १८४९ मध्ये सभेच्या सदस्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या. सुरुवातीला ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या. शिकवणारे हेच विद्यार्थी आणि तरुण शिक्षक. सकाळी आपलं काम सुरू व्हायच्या आधी शिकवायचे, बिनपगारी. जागा म्हणजे कुणाच्या घरची ओसरी. जगन्नाथ शंकरशेटांनीही आपल्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली.

दादाभाईंनी उतारवयात या दिवसांची आठवण सांगितली आहे. ते आणि त्यांचे सोबती घरोघर जाऊन आईबापांना विनवत की तुमच्या ओसरीवर बसून मुलींना शिकवू द्या. काही ठिकाणी बापांनी त्यांना जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटात निवडून जाणारा माणूस त्या जिन्यांवर उभा होता, हे विसरता कामा नये.

थोड्या काळानं कामा वगैरे पारशी कुटुंबांनी पैशाची बाजू उचलली आणि शाळांना स्थैर्य आलं. पण पहिला धक्का स्टार्टर मोटरसारखा या पोरांनी दिला. इंजिन चालू झाल्यावर स्टार्टर कुणाला आठवत नाही.

आता या प्रसंगाकडे कॉलेजच्या तयारीच्या नजरेनं बघा. एका विद्यार्थ्यानं निबंध लिहिला. दुसऱ्यांनी त्यावर वाद घातला. मग कुणी जागा शोधली, कुणी मुली गोळा केल्या, कुणी सकाळचे वर्ग वाटून घेतले. लिहिणं आणि मिळून काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. निबंधामुळे काय करायचं ते ठरलं आणि कामामुळे निबंध खरा होता की नुसता गोड, ते कळलं. आज आपण शाळेत ‘लेखन कौशल्य’ एका तासाला आणि ‘ग्रुप ॲक्टिव्हिटी’ दुसऱ्या तासाला घेतो, आणि मग दोन्ही का येत नाही म्हणून विचारतो.

या सभेतून आणि तिच्या आसपास घडलेली माणसं बघा. दादाभाई काही वर्षांतच त्याच संस्थेत गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय. भाऊ दाजींनी विद्यार्थिदशेनंतर लगेच काठेवाड-कच्छमधल्या बालकन्याहत्येवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. मग ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकून डॉक्टर झाले आणि पुढे त्यांनी या सभेचं अध्यक्षपदही सांभाळलं. नंतरच्या पिढीतले महादेव गोविंद रानडे अगदी तरुण वयात ज्ञानप्रसारक सभेपुढे निबंध वाचत होते, आणि त्यांतल्या एकाचा विषय होता शिकलेल्या तरुणांची कर्तव्यं. त्यांचं वय तेव्हा सतरा-अठरा, म्हणजे आपल्या बारावीच्या मुलांएवढंच.

सभेबाहेरची मुलगी

इथे थांबलो तर निबंध अर्धवट राहील. एल्फिन्स्टनची सभा कितीही कौतुकाची असली तरी ती मुंबईतल्या शिकलेल्या घरांतल्या मुलग्यांची सभा होती. पारशी, गुजराती, प्रभू, सारस्वत, ब्राह्मण. मुलींसाठी त्यांनी शाळा काढल्या, पण सभेत मुलगी नव्हती. दलित मुलगा नव्हता.

त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. तिथेही गट होता : सदाशिव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, फातिमा शेख. पुढे त्यांनी मांग-महार मुलांमुलींसाठीही शाळा काढल्या. तिथे शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीनं, वय चौदाच्या आसपास, एक निबंध लिहिला. विषय मांग-महारांचं दुःख. १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’ पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. ती म्हणजे मुक्ता साळवे.

त्या निबंधातून मी इथे काही उतरवणार नाही, तो मुळातून वाचावा. एवढंच सांगतो की सुमारे तीन वर्षांच्या शाळेत एक मुलगी असं लिहायला शिकली की त्यातले प्रश्न आजही वाचणाऱ्याला खाली बघायला लावतात. तिच्या लिखाणात उसनं वाक्य नाही, कारण ज्याबद्दल ती लिहिते ते उसनं घ्यायला कुठे छापलेलंच नव्हतं. मी मुलांना हे सांगतो. लिहायला विषय कोणता घ्यावा असं विचारतात तेव्हा म्हणतो, जे नेटवर नाही पण तुझ्या घरात आहे ते घे.

मॅट्रिक आली

१८५७ मध्ये विद्यापीठ झालं आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे आपली मॅट्रिक. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर या पहिल्या तुकडीतले. १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. झाले : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मोठी गोष्ट झाली. पण त्याबरोबर एक छोटी गोष्ट हरवली. कॉलेजच्या दाराशी आता परीक्षा उभी राहिली, आणि लिहिणं हे सोबत्यांसाठी न राहता परीक्षकासाठी झालं.

आपला भाग तर या नकाशावर आणखी आडबाजूला. असीरगड १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला, निमाड जिल्हा पुढे मध्य प्रांतात गेला, खांडवा त्याचं मुख्य ठाणं. १८७० मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे जबलपूरपर्यंत जोडली गेली तेव्हा बुऱ्हाणपूर मोठ्या मार्गावर आलं खरं, पण कॉलेज लांबच राहिलं. नागपूरचं हिस्लॉप १८८३ मधलं, मॉरिस १८८५ मधलं, इंदूरचं होळकर कॉलेज १८९१ मधलं. मध्य प्रांतातल्या मुलाची परीक्षा घेणारं विद्यापीठ आधी कलकत्त्याला, मग अलाहाबादला, १९२३ नंतर नागपूरला. स्वातंत्र्यानंतर सागर आणि मग इंदूर. म्हणजे तापीकाठच्या पोराच्या उत्तरपत्रिकेनं दीडशे वर्षांत अर्धा हिंदुस्थान बघितला, पोरगा मात्र तिथेच.

ही गंमत नाही. ज्या गावात कॉलेज नसतं त्या गावात सतरा वर्षांच्या मुलाला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी दिसत नाही. सभा कशी घेतात, वाद कसा घालतात, निबंध कसा वाचतात हे बघून शिकायचं असतं. मुंबईच्या मुलाला ते रस्त्यानं जाता-येता दिसत होतं. आपल्या मुलाला परीक्षा तेवढी दिसली. खांडव्यात १९१३ मध्ये ‘प्रभा’ मासिक निघालं आणि माखनलाल चतुर्वेदी नावाच्या शाळामास्तरानं त्यासाठी नोकरी सोडली. असा एखादा माणूस असला की आसपासच्या मुलांना दिसतं की लिहिणं हे परीक्षेबाहेरही असतं. पण असे मास्तर किती?

चौघांची टोळी

आपल्याच राज्यातला अलीकडचा एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात, आताचं नर्मदापुरम, १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. मुंबई-दिल्लीचे शास्त्रज्ञ मदतीला आले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं तो पुढे सांभाळला आणि इतर जिल्ह्यांत नेला.

सहावी ते आठवीची मुलं. चौघांची एक टोळी. हातात साधं सामान. पुस्तकात प्रयोग कसा करायचा ते दिलेलं, उत्तर मात्र दिलेलं नाही. टोळीनं प्रयोग करायचा, आपापसांत बोलायचं आणि जे दिसलं ते प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचं. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत न्यायची परवानगी, कारण उतरवण्यासारखं त्यात काही नसायचंच!

२००२ मध्ये सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट. मी तेव्हा नोकरीत होतो, बातमी वाचली आणि पान उलटलं. आज त्याचं वाईट वाटतं.

१८४८ ची सभा आणि १९७२ ची टोळी यांचा एकमेकांशी धागा जोडलेला नाही, पण रचना एकच : स्वतः बघा, सोबत्यांशी बोला, आपल्या भाषेत लिहा, पुन्हा तपासा. महाराष्ट्रात पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून शहरातल्या किशोरवयीन मुलांबरोबर गटानं प्रकल्प करण्याचं काम करते आहे, तिचीही आठवण इथे ठेवायला हवी.

आणि गंमत बघा, आता व्यवस्थाच उलटी फिरली आहे. नव्या शिक्षण धोरणानुसार मध्य प्रदेशात २०२१ पासून पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच प्रोजेक्ट, इंटर्नशिप असं काही करावं लागतं. म्हणजे कॉलेज लिहायला आणि गटात काम करायला सांगतं. पण कॉलेजच्या दारातली परीक्षा, कोचिंगची वर्षं, सगळं चार पर्यायांतून एक निवडण्याचं. दोन वर्षं मुलगा फक्त गोळे काळे करतो आणि तिसऱ्या वर्षी त्याला म्हणतात, वीस पानांचा अहवाल आण. मग तो फाइल घेऊन माझ्याकडे येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

कुंडी भंडाऱ्यावरची मोजणी

त्या सात मुलांना मी असीरगड दिला नाही. असीरगडावर नेटभर मजकूर आहे. मी त्यांना कुंडी भंडारा दिला, आणि तोही एका अटीवर : आधी वाचायचं नाही, आधी बघायचं.

मंडळाच्या वाचकांना तो सांगायला नको, पण नव्या वाचकांसाठी थोडक्यात. १६१५ मध्ये, जहांगीरच्या काळात, अब्दुल रहीम खानखाना इथे असताना, इराणी जाणकार तबकुतुल अर्ज यानं ही पाण्याची व्यवस्था उभी केली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि फक्त उताराच्या जोरावर शहराकडे आणायचं. ना पंप, ना रहाट. बोगद्यावर थोड्या-थोड्या अंतरावर उभ्या विहिरी, त्या कुंड्या. खणायला, हवेला, साफसफाईला त्यांचाच उपयोग.

मुलांचे दोन गट केले. काम एकच : लालबागेकडून निघायचं आणि वरून दिसणाऱ्या कुंड्या मोजायच्या. प्रत्येक गटात एक मोजणारा, एक टिपणारा, एक नकाशा काढणारा आणि जमलं तर एक म्हाताऱ्या माणसांशी बोलणारा. संध्याकाळी दोन्ही गट आले. आकडे जुळेनात. सहाचा फरक. भांडण सुरू झालं. एक गट म्हणे तुम्ही झोपलात, दुसरा म्हणे तुम्ही एकच दोनदा मोजली.

मी मधे पडलो नाही. अर्ध्या तासानं त्यांनीच शोधून काढलं की एका गटानं बुजलेल्या कुंड्या धरल्या होत्या आणि दुसऱ्यानं सोडल्या होत्या. म्हणजे दोघंही बरोबर होते, पण ‘कुंडी म्हणजे काय’ हे कुणीच ठरवलं नव्हतं. मग त्यांनी बसून पहिलं वाक्य लिहिलं : आम्ही कुंडी कशाला म्हटलं. त्या वहीतलं हे पहिलं वाक्य जे कुठूनही उतरवलेलं नव्हतं. त्या वाक्यासाठी सात डोकी आणि एक भांडण लागलं.

सगळं गोड झालं असं नाही. एक मुलगा दुसऱ्या रविवारी आलाच नाही, त्याची कोचिंगची टेस्ट होती. एका घरून फोन आला की हे बारावीचं वर्ष आहे, उन्हातान्हात विहिरी मोजून काय मिळणार. मला जिन्यावरून ढकलायची धमकी कुणी दिली नाही एवढंच. मीही चुकलो. पहिल्या खर्ड्यावर मी लाल पेननं इतकं लिहिलं की ती ‘किती मार्कांचं’ विचारणारी मुलगी पुढचा खर्डा दाखवेना. मग युक्ती बदलली. मी पेनच घेत नाही. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी फक्त दोन प्रश्न विचारायचे : हे कशावरून? आणि, म्हणजे काय? मी पेन सोडल्यावर ती मुलगीही वाचायला लागली.

तिनं लिहिलंय ते पाण्यावर नाही, पाणी भरणाऱ्यांवर. तिची आजी लहानपणी भंडाऱ्याचं पाणी डोक्यावरून आणायची, कोण कधी भरायचं, कुणाला आधी भरू द्यायचे नाहीत, हे सगळं आजीला पाठ. तीन पानं झाली आहेत, मराठीत. हिंदीत तीच करते आहे, कॉलेजात उपयोगी पडेल म्हणून. ते करताना तिला कळलं की मराठीतल्या एका वाक्याचा अर्थ तिलाच नीट लागला नव्हता, आणि ती परत आजीकडे गेली.

एक विनंती

मंडळापुढे दोन गोष्टी ठेवतो.

पहिली, वर्षातल्या दोन बैठका या मुलांसाठी राखून ठेवाव्यात. आपण ऐकायचं, ती वाचतील. व्याख्यान द्यायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही. ते दोन प्रश्न तेवढे विचारायचे. आणि वाचलेल्या निबंधातून काही करण्यासारखं निघालं, एखादी बुजलेली कुंडी साफ करायची, एखाद्या मोहल्ल्यातल्या आठवणी नोंदवायच्या, तर ‘बघू’ असं म्हणून चहाकडे वळायचं नाही.

दुसरी विनंती सगळ्या वाचकांना. बुऱ्हाणपूर, खांडवा, रावेर, भुसावळ या पट्ट्यातल्या शाळांत एके काळी मुलं हस्तलिखित अंक काढत. वळणदार अक्षर, रंगीत मथळे, एकच प्रत, ती वर्गावर्गांतून फिरायची. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, वडिलांच्या कपाटात असा एखादा अंक असेल तर फेकू नका. फोटो काढून मंडळाकडे पाठवा. वाळवी लागलेला असला तरी चालेल. परीक्षेसाठी न लिहिलेलं, मुलांनी मुलांसाठी लिहिलेलं असं या भागात जे काही शिल्लक असेल, ते या मुलांना दाखवायचं आहे. म्हणजे त्यांना कळेल की आपण नवीन काही करत नाही आहोत, मधे खंड पडलेलं एक जुनं काम पुढे चालवतो आहोत.